एका कॉम्प्युटरचे चार अर्धे

"काहून रे इश्वर, माझा अन् काट्यावरच्या तेजरामचा हिस्सा सारखाच हाय म्हणते. खरं हाय का?"

अध्यक्ष केशवराव खुर्चीत मागं रेलून विचारत होते. समोर टेबलावर त्यांचा नवाकोरा पडदा आणि कळफलक होता. पडद्यावर त्यांच्या घरून आलेलं, क्रोशाची मोरपाखरं विणलेलं झाकण होतं. ते झाकण अजून कोणी काढलं नव्हतं.

"हो जी," इश्वर मेश्राम म्हणाला. "चौघायले सारखाच हाय. शंभरातले पंचवीस-पंचवीस."

"म्हणजे निवडणूक लढून मी पंचवीस, अन् धानाचे पोते मोजून तो बी पंचवीस?"

इश्वरनं याही वाक्याला मान डोलावली. चुलबंद खोरे खरेदी-विक्री संघाच्या साकोलीच्या कचेरीत तो हंगामी कॉम्प्युटर ऑपरेटर होता, आणि नोकरी पक्की करण्याचा कागद केशवरावांच्याच टेबलावर पडून होता. शिवाय त्याचा मूळ स्वभावच असा, की 'नाही' हा शब्द त्याच्या गळ्यापर्यंत यायचा आणि तिथं कुणीतरी वाट अडवल्यासारखा परत फिरायचा. लग्नात बँडवाल्यानं दोनदा बिदागी मागितली तर त्यानं दोनदा दिली होती.

सन अठ्ठ्याऐंशीचा तो हिवाळा. आजूबाजूच्या तालुक्यांतही धान खरेदी करणाऱ्या कुठल्या संघाकडं कॉम्प्युटर असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काचेच्या खोलीत एक लोखंडी पेटी, तिच्यावर सतत घोंघावणारा कूलर, आणि तिथून निघालेल्या तारा चार ठिकाणी गेलेल्या: अध्यक्षांच्या केबिनमध्ये, मॅनेजर सेवकराम कापगते यांच्या टेबलावर, बारदान्याचा म्हणजे रिकाम्या पोत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या पुष्पाबाईंकडं, आणि अंगणातल्या काट्याच्या शेडमध्ये, जिथं तेजराम धान मोजून शेतकऱ्यांना वजनाची छापील पावती द्यायचा. पडदे चार असले तरी डोकं एकच, त्या पेटीतलं. पेटी पाळीपाळीनं थोडं याचं काम करायची, थोडं त्याचं, आणि इतक्या भराभरा, की प्रत्येकाला वाटावं, ही आपल्यासाठीच राबते आहे.

नागपूरचा इंजिनिअर मशीन बसवून गेला तेव्हा त्यानं इश्वरला एक गोष्ट नीट समजावली होती. एका माणसानं सगळी पेटी अडवून धरू नये म्हणून प्रत्येकाला हद्द घालून द्यायची. पंचवीस म्हणजे पंचवीस. बाकीचे तिघं झोपले असले तरी चौथ्याला सव्विसावा मिळायचा नाही. हे सांगून तो नागपूरच्या बसमध्ये बसला, आणि पुढं पत्राला उत्तर देईनासा झाला.

"मले अर्धा पाहिजे," केशवराव म्हणाले.

"देतो जी," इश्वर म्हणाला.

काचेच्या खोलीत जाऊन, पेटीजवळच्या आपल्या पडद्यावर त्यानं अध्यक्षांपुढं पन्नास लिहिलं. आता उरलेल्या पन्नासात तिघांना कसं बसवायचं, याचा विचार करत तो पायऱ्यांवर डबा उघडतो न उघडतो तोच मॅनेजर सेवकराम शेजारी येऊन बसले. मॅनेजर पायऱ्यांवर बसतात म्हणजे काम असतं.

"इश्वर, अध्यक्षायले अर्धा दिला म्हणते तू."

"हो जी. ते अध्यक्ष हायत ना."

"ते हायतच. पण संघ चालवते कोण? खताचा साठा कोण पायते? कलेक्टर ऑफिसले रिपोर्ट कोण पाठवते? मले जर अर्ध्याहून कमी भेटला, तर लोक काय म्हणतीन? तुझ्या नोकरीच्या कागदावर शिफारस बी मलेच लिवा लागते, इतकं ध्यानात ठेव."

"देतो जी."

दोन अर्धे मिळून एक होतो हे इश्वरला दुसरीपासून माहीत होतं. म्हणजे पुष्पाबाई आणि तेजराम यांच्या वाट्याला शून्य. पुष्पाबाईंना शून्य सांगायला जाईल असा माणूस साकोली तालुक्यात जन्मला नव्हता. इश्वर पेटीसमोर बराच वेळ हात चोळत बसला. मग डोळे बारीक करून त्यानं मॅनेजरपुढं पन्नास लिहिलं आणि खालचे दोन पंचवीस तसेच राहू दिले. बेरीज दीडशे. मशीन आता किंचाळेल, निदान पडद्यावर काहीतरी वाईट लिहील, अशा तयारीत तो अर्धा उठून उभा राहिला होता.

मशीननं ते आकडे मुकाट्यानं घेतले आणि पुढचा हुकूम विचारला.

त्यानंतर इश्वरला धीर आला. बारदान्याच्या टेबलावरून पुष्पाबाईंनी "इश्वरभाऊ, मी काही मुकी नाही, मले सगळं समजते," एवढंच म्हटलं आणि त्यांचे पन्नास झाले. तेजरामनं तर शेडमधूनच आवाज दिला: "शेतकऱ्यायच्या शिव्या मी खातो, अन् अर्धे-अर्धे तुमी वाटून घेता का?" त्याचेही पन्नास झाले. बेरीज दोनशे. प्रत्येकाला इश्वरनं कानात सांगितलं, "बाकीच्यायचं कापून तुमाले अर्धा दिला, पण कोणापाशी बोलू नका." आणि प्रत्येकानं, आपल्याला इतरांहून जास्त मिळालं आहे या समाधानात, तोंड बंद ठेवलं.

गंमत अशी, की काम खरोखरच झपाट्यानं व्हायला लागलं. अध्यक्षांच्या पडद्यावरचं झाकण निघत नव्हतं. मॅनेजर सकाळी तास-दीड तास काम करून तहसीलमध्ये जायचे. पुष्पाबाईंचं काम दुपारनंतर. म्हणजे कोणत्याही वेळी पेटीपुढं फार तर दोनच माणसं असायची, आणि आधी जी पेटी हद्दीपायी अर्धी रिकामी बसायची ती आता पुरी राबत होती. तेजरामच्या यंत्रातून पावत्या फराफरा निघू लागल्या. पुष्पाबाई म्हणाल्या, "अर्ध्याची गोष्टच वेगळी असते बाप्पा." मॅनेजरनी शिफारस लिहून टाकली. इश्वरसारखा गुणी माणूस संघाला लाभला नाही, यावर एकमेकांशी न बोलणाऱ्या लोकांचंही एकमत झालं.

आणि मग आसगावकडचे पाहुणे यायचं ठरलं.

आसगावकडं वैनगंगेच्या काठानं असाच एक संघ होता. त्याचे अध्यक्ष सोमाजीराव यांना कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि त्याआधी तो साकोलीला कसा चालतो हे डोळ्यांनी पाहायचं होतं. केशवरावांना याहून मोठा मान कोणता? त्यांनी सांगडीला घरी मटणाचा बेत सांगितला, डेगची आणायला जीप नेमली आणि सगळ्यांना बोलावून फर्मावलं:

"पाहुणे आले का चारही पडदे चालू दिसले पाहिजे. कोणी तहसीलले जायाचं नाही, कोणी चहाले जायाचं नाही. सगळे एकदम कामाले लागा. मी बी बसतो. होईन ना रे इश्वर?"

चौघं एकदम. इश्वरला चार अर्ध्यांची बेरीज आठवली. 'नाही' गळ्यापर्यंत आला, आणि परत फिरला.

"होईन जी," तो म्हणाला.

पाहुणे आले तो दिवस नेमका भर आवकेचा निघाला. पहाटेपासून धानाच्या बैलबंड्या लागल्या होत्या. फाटकातून आत एक रांग, फाटकाबाहेर दुसरी. सोमाजीराव आणि त्यांचे दोन संचालक केबिनमध्ये बसले. केशवरावांनी मोरपाखरांचं झाकण दोन्ही हातांनी, गणपतीपुढचा पडदा दूर करावा तसं काढलं.

"आता पाहा," ते म्हणाले. "एक बटन दाबलं, का सीझनभरात किती धान आलं ते दाणान्‌दाणा सांगते."

त्यांनी 'एकूण आवक'ची कळ दाबली. या कळीमागं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती दाबली की पेटी बिचारी हंगामातली पहिल्या दिवसापासूनची एकूण एक पावती काढून वाचायची आणि बेरीज करायची. तेवढ्यात तिकडं मॅनेजर खताचा साठा काढत होते, पुष्पाबाई पोती मोजत होत्या, तेजराम पावत्या छापत होता. चौघांचे चार अर्धे पहिल्यांदाच एका वेळी वसूल होत होते.

पडदा हिरवा, रिकामा राहिला.

"मोठा हिशेब हाय," केशवराव म्हणाले. "येते." आणि त्यांनी पुन्हा कळ दाबली.

"आमच्याकडं तर मुनीमजी आतापर्यंत सांगून चहा पिऊन मोकळे झाले असते," सोमाजीरावांबरोबरचा एक संचालक म्हणाला.

केशवरावांनी कळ आणखी तीनचारदा दाबली. दर वेळी पेटीला वाटलं, साहेबांना नवीन बेरीज हवी आहे. ती पहिली सोडून न देता दुसरी सुरू करायची, दुसरीबरोबर तिसरी. मग काचेच्या खोलीतला फोन खणाणला.

"इश्वर! अर्धा देला ना तू मले? मग हे काहून झोपलं? सगळा दे! पाच मिनिटं सगळा मले दे!"

"देतो जी."

इश्वरनं घाईघाईनं लिहिलं: अध्यक्ष सत्त्याण्णव, बाकी तिघांना एक-एक. बेरीज बिघडल्यापासून आज पहिल्यांदा ती बरोब्बर शंभर झाली होती, आणि आजच सगळं बसलं.

तेजरामच्या शेडमध्ये पावती छापणारं यंत्र 'कर्र' म्हणालं आणि थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा 'कर्र'. रांगेत पहिला नंबर सोमवारपेठेच्या बाजूच्या गोमाजीचा होता. त्याचं धान मोजून झालं होतं, पोती उतरली होती. पावतीवर मात्र त्याच्या नावातलं 'गो' तेवढं उमटलं होतं.

"मा कुठं हाय?" गोमाजीनं विचारलं.

"येऊन राहिला," तेजराम म्हणाला.

पावतीशिवाय गोमाजी बंडी हलवेना. त्याची बंडी हलत नाही म्हणून मागची फाटकात अडकली. फाटकात अडकली म्हणून तिच्या मागच्या बंड्या हायवेवर साचल्या. बैलांनी पुढच्या बंडीतला तनस, म्हणजे धानाचा पेंढा, ओढून खायला सुरुवात केली, त्यावरून दोन शेतकऱ्यांची जुंपली, आणि ती पाहायला एका ट्रकवाल्यानं ट्रक मध्येच उभा केला. नागपूरकडून एसटी आली, रायपूरकडून ट्रक आले. आणि सांगडीहून मटणाची डेगची घेऊन निघालेली संघाची जीप या सगळ्याच्या मागं, हॉर्न वाजवत उभी राहिली.

इकडं केबिनमध्ये पाहुण्यांना भूक लागली होती. केशवराव कळीवर बोट आपटतच होते.

इश्वरच्या लक्षात सगळा प्रकार आला. हद्दी पूर्ववत करायला हव्यात म्हणून तो आपल्या पडद्यापुढं बसला. पण शंभरचे शंभर वाटून टाकताना त्यानं स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतं. त्यानं एक अक्षर दाबलं. अक्षर उमटलं नाही. तो पाणी पिऊन आला, तरी नाही. बाहेर जाऊन हायवेवर काय चाललंय ते बघून, हादरून परत आला, तेव्हा ते एक अक्षर येऊन बसलं होतं. हुकुमात अशी वीस-बावीस अक्षरं होती. पेटी सरळ बंद करावी, तर सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या पुसल्या गेल्या असत्या, आणि मग गोमाजीनं त्यालाच बंडीला जुंपला असता.

आता एकच मार्ग उरला होता. अध्यक्षांच्या केबिनमध्ये जायचं आणि अध्यक्षांना कळीवरचं बोट काढायला सांगायचं.

तो दारापर्यंत पोचला तर आत आधीच दाटी झाली होती. मॅनेजर सेवकराम लाल होऊन उभे होते. पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून होत्या. तेजराम, आणि त्याच्या मागं हातात अर्धवट पावती धरून गोमाजी.

"साहेब, माझा पडदा मेला," मॅनेजर म्हणाले. "अन् मले तर अर्धा हिस्सा हाय!"

"तुमाले?" पुष्पाबाई गर्रकन वळल्या. "अर्धा तर माझा हाय. इश्वरभाऊनं स्वतः देला."

"ओ बाई, अर्धा काट्याले हाय," तेजराम म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो."

केशवरावांचं बोट कळीवर तसंच राहिलं. त्यांनी एकेकाकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं, मग दारातल्या इश्वरकडं.

"इश्वर," ते हळूच म्हणाले. "एका कॉम्प्युटरचे अर्धे किती असतेत रे?"

"आपल्याकडं चार हायत जी," इश्वर म्हणाला.

तेवढ्यात गोमाजी पुढं झाला. "साहेब, तुमचे अर्धे तुमी मागून मोजा. तिकडं तुमची जीप आमच्या बंड्यायमागं अडकली हाय. मटणाचा असा वास सुटला, का लोकायनं बैल सोडले अन् जीपभोवती जमा झाले. डायवर बिचारा डेगचीवर बसून हाय."

हे ऐकून, हिशेब एकदाचा उरकावा म्हणून केशवरावांनी पुन्हा कळ दाबायला घाईघाईनं बोट उचललं.

"नाही!" इश्वर ओरडला.

तो शब्द आपल्याच तोंडून आला, हे समजायला त्याला स्वतःलाच वेळ लागला. पण एकदा बाहेर पडल्यावर मागचेही आले. "नाही जी, हात लावायचा नाही! मॅनेजरसाहेब, तुमी बी नाही. बाई, तुमी बी नाही. चौघंबी हात मांडीवर घेऊन चूप बसा. ते मशीन तुमच्यासाठी मरून राहिलं, त्याले पहिले त्याचं काम सरवू द्या!"

अध्यक्षांनी हात मांडीवर घेतला. त्यांना तसं सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, त्यामुळं काय करायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही. सगळे शाळेतल्या पोरांसारखे बसले. आणि मग पडद्यावर 'एकूण आवक' उमटली. तिच्याखाली पुन्हा तीच. पुन्हा तीच. केशवरावांनी जितक्यांदा कळ दाबली होती, तितक्यांदा पेटीनं इमानानं उत्तर दिलं, आणि मोकळी झाली. शेडमधून फराफरा आवाज आला. तेजराम धावला, त्याच्या मागं गोमाजी 'मा' घ्यायला धावला. फाटकातली बंडी हलली, हायवे हलला, आणि तासाभरानं डेगचीही आली. ती निम्मी रिकामी होती. ड्रायव्हरनं सांगितलं, लोकांना थोपवायला दुसरा उपाय नव्हता.

जेवणं उरकल्यावर केशवरावांनी मिशी पुसून इश्वरला समोर उभं केलं. "खोटारडा हायस तू. उद्यापासून इंजिनिअरनं सांगतलं तसं पंचवीस-पंचवीस कर. नाही तर घरी जाय."

"पंचवीस?" पुष्पाबाई म्हणाल्या. "मंग मी हाताने मोजीन पोते. मशीन तुमीच पाहा."

"साहेब," मॅनेजर खाकरले, "खरं सांगू का? अर्ध्यात काम लई साजरं चालत होतं. बिघडलं ते सगळे एकदम बसल्यानं."

"मीबी अर्धा सोडत नाही," दारातून तेजराम म्हणाला.

केशवरावांनी मोरपाखरांच्या झाकणाकडं पाहिलं. आपणही पंचवीसवर येऊ, हा विचार त्यांच्या मनात आला असावा. मग त्यांनी ते झाकण उचललं आणि पडद्यावर टाकून नीट ओढून घेतलं.

"अर्धा माझा राहू दे," ते म्हणाले. "मी लावत नाही हात."

इश्वर बाहेर ओसरीत आला. तिथं सोमाजीराव तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे होते. त्यांनी इश्वरला खूण करून खांबाआड नेलं.

"पोरा, मशीन काही मले समजलं नाही," ते म्हणाले. "पण तुझं काम पायलं. इतके दिवस चौघायले अर्धा-अर्धा देला अन् चौघंबी खूश! आमच्या संघात संचालक अकरा हायत. खुर्ची असो का जीप, एकाले देली का दहा जण रुसतेत. मशीन घेतलं तर पहिले दिवशीच डोके फुटतीन. मले एवढंच सांग, अकराही जणायले अर्धा-अर्धा देता येते का?"

इश्वरचं आज एकदा 'नाही' म्हणून झालं होतं. जड गेलं नव्हतं, उलट छाती हलकी वाटली होती. आता इथून पुढं सरळ बोलायचं, असं त्यानं ओसरीत येता येताच ठरवलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"येते जी," तो म्हणाला. मग घाईनं पुढं जोडलं, "फक्त अकराही जण एका दिवशी, एका वेळी बसले नाही पाहिजे."

सोमाजीरावांनी खर्रा गालात सरकवला आणि समाधानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग काही फिकीर नाही," ते म्हणाले. "पाच वर्षांत आमच्या सभेचा कोरम एकदाबी भरला नाही."